लेसरची झळाळी आणि स्त्रियांचे मौन

खोकला आला, शिंक आली, मोठ्याने हसू फुटले किंवा पाण्याची घागर उचलली की नकळत लघवी सुटते, ही तक्रार स्त्रियांमध्ये इतकी सर्रास आढळते की तिला विकार म्हणावे असे पुष्कळ घरांत कोणाला वाटतही नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे आकडे तंतोतंत जुळत नसले, तरी तीन-चार प्रौढ स्त्रियांमागे एकीला केव्हा ना केव्हा मूत्रगळतीचा कमीअधिक त्रास होतो, असे त्यांवरून म्हणता येते. बाळंतपणानंतर तो सुरू होतो, पाळी जाण्याच्या सुमारास बळावतो आणि पुढे अंगवळणी पडतो. त्याने कोणी दगावत नाही. त्यामुळे घरातल्यांच्या लेखी तो आजारच नसतो. परंतु अशी स्त्री लांबचा प्रवास टाळू लागते, लग्नकार्यात दाराजवळची जागा धरून बसते, पाणी कमी पिते आणि चारचौघींत मिसळणे हळूहळू बंद करते. नवऱ्याला सांगायचे नाही, सासूला सांगायचे नाही आणि डॉक्टरांकडे गेल्यावर पाठदुखीची तक्रार सांगून परत यायचे, असा हा प्रकार वर्षानुवर्षे चालतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

या मौनात गेल्या दशकात लेसर किरणांच्या उपचाराने प्रवेश केला आहे. चाकू नाही, टाके नाहीत, भूल द्यावी लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत घरी जाता येते आणि महिन्याच्या अंतराने अशा दोन-तीन खेपा केल्या की काम झाले, अशा शब्दांत या उपचाराची जाहिरात केली जाते. ज्या स्त्रीने आपले दुःख आजवर कोणालाही सांगितलेले नाही तिला हा मार्ग सोयीचा वाटावा यात नवल नाही. शस्त्रक्रियेची भीती खरी आहे आणि तीवाचून गुण येणार असेल तर तो कोणालाही हवाच असेल. तेव्हा लेसर उपचारात सुधारणा व्हावी, तो अधिक भरवशाचा व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न आहे तो ही सुधारणा कोठे आणि कोणाच्या खर्चाने व्हावी हा. ती रीतसर चाचण्यांतून व्हावयास हवी. पैसे मोजून दारी आलेल्या स्त्रीच्या शरीरावर ती होऊ देणे न्यायाचे नाही. वैद्यकाच्या याच शाखेत हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे आणि तोही अलीकडेच.

विकाराची घडण

लघवी धरून ठेवण्याचे काम एकट्या मूत्राशयाचे नसते. मूत्रमार्गाभोवती स्नायूंचे एक कडे असते आणि ओटीपोटाच्या तळाशी स्नायू व तंतू यांची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीने पेललेले असतात. खोकल्यासरशी पोटातील दाब एकाएकी वाढला की ही झोळी ताठ होते, मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन मिटतो आणि लघवी अडते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, काही वेळा फाटतेही. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांची त्यात भर पडते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते आणि त्या भागातील त्वचा व तंतू पातळ होतात. आधार असा सैल झाला की मूत्रमार्ग वेळेवर मिटत नाही आणि गळती सुरू होते. लघवीची तीव्र भावना अकस्मात होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच ती सुटणे हा वेगळा विकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. पुष्कळ स्त्रियांत दोन्ही एकत्र असतात. म्हणून कोणत्याही उपचाराआधी गळती कोणत्या प्रकारची आहे हे नीट विचारून आणि तपासून घेणे ही पहिली पायरी होय.

या विकारावरचा सर्वांत साधा उपाय पाऊणशे वर्षांचा जुना आहे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकुंचित करण्याचा व्यायाम शास्त्रीय पद्धतीने मांडला. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. मात्र तो योग्य स्नायूंचा आणि नेमाने झाला पाहिजे. बहुतेक स्त्रिया न शिकवता तो करू गेल्या तर पोट किंवा मांड्या आवळतात आणि लाभ होत नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, ताणामुळे होणाऱ्या गळतीच्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांच्यापैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनमधील उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा आणि दर वेळी किमान आठ आकुंचने असा व्यायाम हाच पहिला उपचार मानला आहे. शस्त्रक्रिया वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

जाळीचा धडा

व्यायामाने ज्यांना पुरेसा गुण येत नाही अशांसाठी शस्त्रक्रिया असते. जॉन बर्च यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत पोट उघडून मूत्राशयाच्या मानेला टाक्यांनी आधार दिला जात असे. ती परिणामकारक होती, पण मोठी होती. १९९० च्या दशकात स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी मूत्रमार्गाखालून कृत्रिम धाग्याची एक अरुंद पट्टी सरकवण्याची युक्ती काढली. छोटासा छेद, जागेपुरती भूल आणि लवकर सुट्टी, असा तो उपाय होता. त्यानेही पुष्कळ स्त्रियांना गुण आला; उत्तर युरोपातील काही रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा केला असता दहांपैकी नऊ जणींची गळती थांबलेली आढळली. त्या काळी तोही अल्पच्छेदाचा, सोपा आणि आधुनिक उपाय म्हणूनच गाजला होता.

पुढे जे घडले ते मात्र सर्वांनीच लक्षात ठेवण्याजोगे आहे. पट्टीच्या यशामुळे त्याच धाग्याच्या मोठ्या जाळ्या 'अंग बाहेर येणे' या दुसऱ्याच विकारासाठी योनिमार्गातून बसवल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत नव्या उपकरणाचे आधीच्या उपकरणाशी साधर्म्य दाखवले की स्वतंत्र चाचणीवाचून ते विकण्याची वाट मोकळी होते. गळतीसाठी १९९६ मध्ये परवानगी मिळालेली एक पट्टी तिच्या दुष्परिणामांमुळे १९९९ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. परंतु तिच्याशीच साधर्म्य सांगून पुढच्या पट्ट्यांना परवानगी मिळून गेली होती. काही स्त्रियांच्या शरीरात जाळी ऊतकांना कापत बाहेर आली, काहींना बसणेउठणे असह्य झाले, कित्येकींचे वैवाहिक जीवन संपुष्टात आले. धागा ऊतकांत रुजून बसल्यामुळे तो काढणेही दुष्कर. तक्रार करणाऱ्या स्त्रियांना 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे ऐकावे लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि अंग बाहेर येण्यावरच्या योनिमार्गी जाळ्यांची विक्री २०१९ मध्ये थांबवली. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी २०१८ मध्ये पीडित स्त्रियांची राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये गळतीवरच्या पट्ट्यांनाही विराम देण्यात आला आणि बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने २०२० मध्ये सादर केलेल्या अहवालात, आरोग्यव्यवस्थेने स्त्रियांचे म्हणणे ऐकलेच नाही, असा ठपका ठेवला. न्यूझीलंडने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला.

जाळीचा हा इतिहास लेसरला तंतोतंत लागू पडत नाही. लेसर शरीरात कोणतीही वस्तू ठेवत नाही. पण जाळीच्या धास्तीने शस्त्रक्रियेपासून दूर गेलेल्या स्त्रियांनाच आज लेसर सुचवला जात आहे, हेही विसरून चालणार नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. लेसरच्या बाबतीत ते फुंकून पाहण्याचे काम वैद्यकाने आणि शासनाने करावयाचे आहे. रुग्णावर ते सोपवता येणार नाही.

किरण काय करतो

लेसरच्या तत्त्वाचे बीज आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडले आणि थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर प्रत्यक्षात चमकवला. योनिमार्गाच्या उपचारात मुख्यतः दोन जातींचे लेसर वापरतात. त्यांतला कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढणारे कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी १९६४ मध्ये हा लेसर सिद्ध केला. कारखान्यात पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा वापर पसरला. दुसरा लेसर एर्बियम या मूलद्रव्यावर आधारलेला आहे. पहिल्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, दुसऱ्याची २.९४ मायक्रॉन, दोन्ही किरण पाण्यात झपाट्याने शोषले जातात. शरीराच्या ऊतकांत पाणीच अधिक असल्याने किरणाची शक्ती वरच्या पातळ थरातच उष्णतेत रूपांतरित होते. कार्बन डायऑक्साइडचा किरण टिंबाटिंबांत विभागून सोडतात. तो सूक्ष्म छिद्रे पाडतो आणि मधला भाग शाबूत ठेवतो. एर्बियमचा किरण क्षणाच्या काही अंशांत मंद झटक्यांची मालिका देऊन ऊतक न जाळता तापवतो.

उष्णता साठ-पासष्ट अंशांच्या आसपास पोहोचली की कोलॅजेनचे तंतू आक्रसतात आणि पुढील काही आठवड्यांत शरीर तेथे नवे कोलॅजेन घालू लागते. सैल पडलेली भिंत त्यामुळे घट्ट होते, मूत्रमार्गाला टेकू मिळतो आणि गळती कमी होते, अशी या उपचारामागची उपपत्ती आहे. ती ऐकावयास पटण्याजोगी आहे. परंतु तिच्यात एक मोठी अडचण आहे. किरणाची ऊब मिलिमीटरच्या अंशापलीकडे फारशी जात नाही आणि मूत्रमार्गाला पेलणारे स्नायू व बंध त्याहून खोल असतात. वरची त्वचा कितीही घट्ट झाली तरी आतल्या फाटलेल्या झोळीला ठिगळ लागत नाही. तेव्हा गुण येत असेल तर तो नेमका कशाने येतो, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर चाचण्यांनीच द्यावे लागते.

लुटुपुटूच्या उपचाराशी तुलना

चाचणीत एक युक्ती अपरिहार्य असते. निम्म्या स्त्रियांना खरा किरण द्यायचा आणि निम्म्यांना यंत्र तसेच लावून, आवाज तसाच करून, लुटुपुटूचा. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसावे आणि निकाल मोजणाऱ्यालाही. गळतीची तक्रार दिवसागणिक कमीजास्त होते. आपल्याकडे कोणी लक्ष दिले, काही केले, एवढ्यानेही पुष्कळ जणींना हलके वाटते. म्हणून 'माझ्या इतक्या रुग्णांना बरे वाटले' या डॉक्टरांच्या दाखल्याला, तो कितीही प्रामाणिक असला तरी, शास्त्रात पुराव्याची किंमत मिळत नाही.

या कसोटीवर लेसरचा निकाल संमिश्र आहे. स्लोव्हेनियात ११४ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एर्बियम लेसरच्या एका खेपेनंतर तीन महिन्यांनी २१ टक्के स्त्रियांची गळती पूर्ण थांबलेली होती. लुटुपुटूच्या उपचारात हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत होते. फरक खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण या सर्व स्त्रिया पाळी चालू असलेल्या, तुलनेने तरुण होत्या आणि तरीही पाचांतील सुमारे चौघींची गळती राहिलीच, हेही मान्य केले पाहिजे. उलट ऑस्ट्रेलियात सुमारे शंभर स्त्रियांवर कार्बन डायऑक्साइड लेसरच्या तीन खेपा करून झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर खऱ्या आणि लुटुपुटूच्या उपचारांत फरक दिसला नाही. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाच्या तक्रारीवर हाच लेसर वापरून सिडनीत ८५ स्त्रियांची वर्षभर पाहणी करण्यात आली. तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही नकारात्मकच निघाला.

नियामक संस्थांची भूमिका याला धरूनच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला. योनिमार्गावर अशी यंत्रे चालवून सौंदर्य, कामसुख किंवा लघवीच्या तक्रारी यांवर गुण येतो असे सांगणे अप्रमाणित आहे आणि भाजणे, व्रण राहणे, संबंधाच्या वेळी वेदना व जुनाट दुखणे असे अपाय नोंदले गेले आहेत, असे तीत स्पष्ट म्हटले होते. ही यंत्रे मुळात गर्भाशयाच्या मुखावरील वा योनिमार्गातील विकृत ऊतक आणि चामखिळी नष्ट करण्यासाठी मान्य झालेली. एकदा दवाखान्यात आली की ती कशासाठी वापरली जातात यावर पकड राहत नाही. साधर्म्याच्या वाटेने आत येऊन भलत्या कामाला लागण्याचा जाळीचा इतिहास येथे नव्या रूपात दिसतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने सहभागी होऊन तयार केलेल्या मार्गदर्शनात लेसरचा नित्याचा वापर करू नये असे सुचवले गेले आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये गळतीवरचा योनिमार्गी लेसर केवळ संशोधनाचा भाग म्हणूनच वापरावा असा निर्णय दिला. हे शब्द नीट वाचले पाहिजेत. त्यांत लेसरला कायमची बंदी नाही. त्याला विद्यार्थी म्हणून वर्गात बसवले आहे, परीक्षा उत्तीर्ण होण्याआधी पदवी दिलेली नाही एवढेच.

सुधारणा कशाला म्हणावी

लेसरचे अभ्यासक यावर म्हणतात की यंत्र सुधारते आहे, तंत्रही सुधारते आहे. जुन्या चाचण्यांवरून त्याला निकालात काढू नये. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. एकाच नावाखाली दोन भिन्न किरण, निरनिराळी शक्ती, टिंबांचे निरनिराळे आकार, कोठे एक खेप तर कोठे तीन-चार, अशी सध्याची स्थिती आहे. औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहेत हे न सांगता ती विकता येत नाही. लेसरची मात्रा मात्र यंत्रागणिक आणि डॉक्टरगणिक बदलते. तेव्हा पहिली सुधारणा मात्रेची हवी. कोणता किरण, दर चौरस सेंटिमीटरला किती शक्ती, किती खेपा आणि किती अंतराने, हे ठरवून तुलना झाली पाहिजे.

दुसरी सुधारणा रुग्णाच्या निवडीची. सौम्य गळती असलेल्या तरुण स्त्रीला जो लाभ दिसतो तो बसल्या जागी उठताना कपडे भिजणाऱ्या साठीच्या स्त्रीला मिळेलच असे नाही. कोणाला गुण येत नाही हे आधी सांगता येणे ही वैद्यकातील फार मोठी प्रगती असते. तिच्यामुळे कित्येकींचा पैसा आणि आशा दोन्ही वाचतात. तिसरी गोष्ट काळाची. तीन महिन्यांचा गुण हा आरंभ झाला. वर्षादोन वर्षांत कोलॅजेन पुन्हा सैल पडत असेल आणि दर वर्षी नव्या खेपा कराव्या लागत असतील, तर तो उपचार वर्गणीसारखा होतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या त्वचेचे दहा वर्षांनी काय होते हेही पाहिले पाहिजे. जाळीचे अपाय काही स्त्रियांत बऱ्याच वर्षांनी प्रकटले होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. लेसरची तुलना केवळ लुटुपुटूच्या उपचाराशी करून भागणार नाही; ती नीट शिकवलेल्या व्यायामाशी झाली पाहिजे. फुकट मिळणाऱ्या उपायापेक्षा महागडा उपाय सरस ठरत नसेल, तर तो कितीही सुधारला तरी बहुसंख्य स्त्रियांना त्याचा उपयोग नाही. व्यायामानंतर उरलेल्या गळतीवर लेसर उपयोगी पडतो काय, शस्त्रक्रिया नको असलेल्या वा ती झेपणार नाही अशा स्त्रियांना त्याचा आधार होतो काय, हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे होकारार्थी आली तर लेसरला मानाचे स्थान मिळेल आणि ते मिळावेही.

भारतातील जबाबदारी

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. स्त्रीच्या कमरेखालच्या तक्रारीविषयी बोलणे निषिद्ध आणि तिच्यावर कायमचा इलाज करून टाकण्याची घाई मात्र मोठी, असा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. तेथे गरिबी आणि मजुरीचा खाडा होता, शहरात लाज आणि जाहिरात आहे. दोन्हीकडे गरजवंताला अक्कल नसते या म्हणीचा लाभ उठवणारे असतात. बाईला प्रश्न विचारू द्यायचा नाही आणि तिला उत्तर मात्र विकायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

नियमांचा अगदीच अभाव आहे असे नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे. चौकट उभी आहे. ती भरणे बाकी आहे. लेसरने भाजलेली स्त्री तक्रार करील कोठे? जिने आपला विकारच कोणाला सांगितला नाही ती त्याच्या उपचाराचा अपाय जगाला काय सांगणार? म्हणून नोंद करण्याची सक्ती उपचार करणाऱ्यावर हवी. गळतीसाठी लेसर वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने त्याची नोंद ठेवावी, उपचारापूर्वी आणि वर्षभरानंतर गळती मोजावी, आणि हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही हे स्त्रीला तिच्या भाषेत, तिच्या हाती द्यावयाच्या कागदावर लिहून द्यावे. गळती मोजण्याला मोठी यंत्रणा लागत नाही. तासाभरात पॅडचे वजन किती वाढले हे साध्या काट्यावर कळते आणि त्रास किती होतो हे चार प्रश्नांच्या पत्रकावर लिहिता येते. एवढेही ज्याला करावयाचे नाही त्याने उपचाराचे शुल्क घेऊ नये. ज्या वैद्यकीय महाविद्यालयांना संशोधन करावयाचे आहे त्यांनी ते नोंदणी करून, रुग्णाकडून पैसा न घेता करावे.

परंतु शासनाचे पहिले कर्तव्य याहून साधे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्त्री तिच्या आयुष्यातील नेमक्या त्या वेळी, ज्या वेळी ही झोळी ताणली गेलेली असते, परिचारिकेच्या समोर असते. सव्वा महिन्याची बाळंतीण घरी शेक घेते, मालिश करून घेते, डिंकाचे लाडू खाते. कोणते स्नायू कसे आवळावयाचे हे मात्र तिला कोणी सांगत नाही. लसीकरणाला बाळ घेऊन येईल तेव्हा आईलाही एक प्रश्न विचारावा, 'खोकताना त्रास होतो का?', आणि परिचारिकेने वा आशा कार्यकर्तीने तिला व्यायाम शिकवावा, यास नवे खाते नको की मोठे अनुदान नको. जिल्हा रुग्णालयात या कामाची जाण असलेली एक भौतिकोपचारतज्ज्ञ असावी, एवढीच त्यापुढची पायरी. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची हौस श्रीमंत देशांना परवडली असेल. ज्या देशात बाळंतिणीला केगेलचा ऐंशी वर्षांकडे झुकलेला व्यायामही अजून पोहोचलेला नाही, तेथे ती परवडणारी नाही.

कुमार पटेल यांच्या किरणाने पोलाद कापले आणि रोगट ऊतकही काढून टाकले, कारण दोन्ही कामांत त्याची ताकद आधी मोजली गेली होती. स्त्रियांच्या या जुन्या दुखण्यावर तोच किरण उद्या उपकारक ठरला तर त्याचा आनंद सर्वांनाच होईल. मात्र तो दिवस मोजमापाच्या वाटेनेच येईल. त्या वाटेवरची पहिली अट अशी की, या दुखण्याविषयी स्त्रीला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे आणि तिचे बोलणे ऐकणाऱ्याने त्यावर ताबडतोब काही विकू नये.